आप्पांच्या रिव्हॉल्व्हरची माशी

नोकरीतली बरीचशी प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्याचा हे सांगायला मला जुनी डायरी काढावी लागते. या एका प्रकरणासाठी मात्र डायरीची गरज पडत नाही. त्यात कोणाचा जीव गेला नाही, वर्तमानपत्रात चार ओळीही आल्या नाहीत. तरीही ते चार दिवस मला अन्न गोड लागले नव्हते, कारण संशय आमच्याच माणसावर होता.

निवृत्तीला वर्षभर उरले असताना मी पिंपरी-चिंचवड आयुक्तालयातल्या एका ठाण्यात पोलीस निरीक्षक (गुन्हे) होतो. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकांना आपली हत्यारे ठाण्यात जमा करावी लागतात. आमच्या हद्दीत अशी हत्यारे पुष्कळ. ज्यांच्या जमिनी रस्त्यात आणि गृहप्रकल्पांत गेल्या अशी जुनी गावकरी घरे, ठेकेदार, चाकणच्या कंपन्यांना गाड्या पुरवणारे वाहतूकदार, असे सगळे आठवडाभर रांगेत येत. हत्याराचा नंबर परवान्याशी पडताळायचा, चेंबर रिकामे असल्याची खात्री करायची, पावती द्यायची, चिठ्ठी बांधून कपाटात ठेवायचे. गुन्ह्यात जप्त केलेल्या हत्याराला लाखेचे सील असते, तसे याला नसते. हत्यार मालकाचेच, आम्ही केवळ राखणदार.

हे काम आमच्या मुद्देमाल हवालदारांकडे होते. सारे ठाणे त्यांना मामा म्हणत असे, मीही. मूळचे मराठवाड्यातले, राहायला कासारवाडीला, सेवानिवृत्तीला तीन महिने उरलेले. मुद्देमालाच्या खोलीत डोळे मिटून गेले तरी हवी ती वस्तू हाताला लागेल, असा त्यांचा कारभार. त्यांच्या नोंदीत खाडाखोड मी कधी पाहिली नाही.

निकाल लागले, आचारसंहिता उठली आणि हत्यारे परत द्यायला सुरुवात झाली. एका सोमवारी सकाळी पुनावळ्याचे एक वयस्कर परवानाधारक रांगेत आले. घरीदारी त्यांना आप्पा म्हणतात, मीही तेच म्हणेन. पांढरे धोतर, पांढरी टोपी, ताठ चाल. त्यांचे रिव्हॉल्व्हर बत्तीस बोअरचे, विलायती बनावटीचे, वडिलांकडून वारसाने आलेले. मामांनी पावती घेतली, चिठ्ठी सोडली आणि हत्यार त्यांच्या पुढे ठेवले. आप्पांनी ते उचलून खिडकीच्या उजेडात धरले, बराच वेळ पाहिले आणि परत टेबलावर ठेवले.

"ही माशी आमची न्हाई," ते म्हणाले.

रिव्हॉल्व्हरच्या नळीच्या टोकावर नेम धरण्यासाठी एक छोटी उभी पाती असते. कवायतीत आम्ही तिला फोरसाइट म्हणतो, जुने लोक माशी म्हणतात. काही जुन्या रिव्हॉल्व्हरांत ही पाती नळीबरोबर घडवलेली नसते. खाचेत बसवून तिच्यातून एक बारीक आडवी पिन मारलेली असते. पिन काढली की पाती निघते.

"आप्पा, नंबर जुळतोय की," मामा म्हणाले. "परवान्यावरचाच नंबर हाय."

"नंबर आमचाच हाय. माशी न्हाई. माझ्या वडलांचं हत्यार हाय हे. जुन्या माशीचा डाव्या अंगाला टवका उडालेला व्हता, वरनं पार घासली व्हती. ही बघा, कोरी हाय. तुमी माझं हत्यार भाईर काढून कुटंतरी वापारलंय."

रांगेत मागून कोणीतरी म्हणाले, "चाकणला फायरिंग झालं तेव्हा हे इथंच होतं ना?"

त्या एका वाक्याने प्रकरण बदलले. हत्यारे जमा असण्याच्या काळातच चाकणजवळ एका भंगार ठेकेदाराच्या गाडीवर गोळी झाडली गेली होती. ठेकेदार वाचला, गोळी गाडीच्या सीटमध्ये सापडली. तीही बत्तीस बोअरची. मारेकऱ्याच्या हातात जुन्या पद्धतीचे रिव्हॉल्व्हर होते, असे ठेकेदाराने जबाबात सांगितले होते. आरोपी मिळालेला नव्हता.

आप्पांनी तिथेच बसून लेखी अर्ज दिला. मी पंचांसमक्ष रिव्हॉल्व्हर ताब्यात घेतले आणि या वेळी त्याला सील केले. दुपारी सहायक पोलीस आयुक्तांनी बोलावून घेतले. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"प्रयोगशाळेचा अहवाल यायला महिना लागेल," ते म्हणाले. "तोवर मी थांबू शकत नाही. चौकशी तुम्ही करा. शुक्रवारी सकाळी तुमचा अहवाल माझ्या टेबलावर पाहिजे. समाधानकारक उत्तर नसेल तर हवालदार निलंबित होतील आणि गुन्हाही दाखल होईल."

मंगळवारी सकाळी मी मामांना माझ्या खोलीत बसवले. इतकी वर्षे ज्यांनी माझ्यासमोर आरोपी उभे केले, त्यांनाच समोर बसवून प्रश्न विचारायचे होते. चौकशीत माझा एक अनुभव होता. निर्दोष माणूस तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला की चिडतो, दोषी माणूस अधिकाधिक नम्र होत जातो. मामांनी दोन्ही केले नाही. प्रत्येक वेळी तेच उत्तर, त्याच शब्दांत दिले. फक्त त्यांचे कान लाल झाले होते.

"कपाट किती वेळा उघडलं?"

"जमा चालू व्हतं तवर रोज. त्यानंतर दोनदा. एकदा वाळवीचं औषध मारलं, एकदा यादी तपासली. दोन्हीची नोंद हाय साहेब."

"त्या वेळी तुमच्याबरोबर कोण होतं?"

"कुणी नाय. म्या एकटाच."

"किल्ली दुसऱ्या कोणाकडे दिली होती?"

"नाय साहेब. एक दिवस पण नाय."

या उत्तरांनी ते स्वतःलाच अडकवत होते. 'रजेवर होतो, किल्ली अमक्याकडे होती' असे म्हटले असते तर संशय चार जणांत वाटला गेला असता. त्यांनी तशी वाट शोधलीच नाही.

"जमा करून घेताना माशी जुनी होती की नवी?"

मामा पहिल्यांदाच थांबले. "साहेब, खरं सांगतो, माशीकडं म्या बघितलंच नाय. नंबर बघितला, मेक बघितलं, चेंबर बघितलं. फारमात तेवढंच असतंय."

ते खरे होते. फॉर्ममध्ये माशीचा रकाना नव्हता. मी त्यांच्याकडून कपाटाची किल्ली मागून घेतली. त्यांनी ती लगेच टेबलावर ठेवली. पण दार उघडे होते आणि बाहेरच्या टेबलावरचे सगळे कर्मचारी बघत होते. मला मामांची खात्री होती, असे आज सांगितले तर ते खोटे ठरेल. माझ्या मनात संशय होता. निवृत्तीच्या तोंडावर माणसे चुकतात, हे मी दोनदा पाहिले होते.

त्याच दिवशी संध्याकाळी एका खबऱ्याचा फोन आला. हा माणूस लहान कारखान्यांना वापरलेली टूल्स विकत फिरतो. त्यामुळे तळवड्यातल्या शेडमध्ये कुठे काय चालते, ते त्याला ठाऊक असते.

"साहेब, तळवड्यात एका टूल रूममध्ये रिव्हॉल्व्हरचं काम झालंय म्हणे. पुढचं टोक बसवून दिलं. तिथल्याच एकानं सांगितलं."

"कधी?"

"दीड-दोन महिने झाले असतील. नक्की नाही सांगता यायचं."

दीड महिना म्हणजे हत्यार आमच्या कपाटात, दोन महिने म्हणजे आप्पांच्या घरात. सगळे प्रकरण त्या पंधरा दिवसांच्या फरकावर येऊन थांबले होते.

बुधवारी सकाळी मी आणि एक उपनिरीक्षक साध्या कपड्यांत तिथे गेलो. अरुंद शेड, दोन मिलिंग मशिनी, एक ग्राइंडर. साच्यांची कामे करणारा फिटर पन्नाशीचा होता. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, बोटांना तेल आणि पोलादाची काळी कड. ओळख सांगताच त्याने मशीन बंद केली.

"इथं डाय बनत्यात साहेब. बाकी काय नाय."

मी आवाज चढवला नाही. हाताने काम करणाऱ्या माणसाला धमकावले तर तो गप्प होतो. त्याच्या कामाविषयी विचारले तर बोलायला लागतो. मी पंचनाम्याच्या वेळी काढलेला माशीचा जवळून घेतलेला फोटो मोबाइलवर त्याच्या पुढे धरला.

"हे काम कसं झालंय, जरा सांगता? मला यातलं कळत नाही."

त्याने चष्मा नीट केला. फोटो बोटांनी मोठा केला. "पिन दोन्हीकडनं सारखी घासलीय. खाचंत फट नाय. हातानं घासून बसवलीय, मशिनीवर येवढं जमत नाय..." आणि मग स्वतःच्याच शब्दांनी दचकून तो थांबला.

"चांगलं काम आहे," मी म्हणालो.

तो स्टुलावर बसला. "साहेब, म्या बंदूक बनिवली नाय. एक माणूस आला. म्हणला, भावा, एवढं करून दे, घरचं लायसनचं हत्यार हाय, पुढची पाती मोडलीय. पाती पिनीच्या भोकापाशी तुटली व्हती. जुनी पिन आत गच्च बसल्याली, बारीक लोखंडी पंच ठोकून काढली. डायच्या पोलादातनं पाती घासून काढली, ड्रिलच्या दांडीची पिन केली, मारली. रंग जुळावा म्हणून तापवून तेलात बुडिवली. तुटका तुकडा त्यालाच परत दिला. गुन्हा असतो हे खरंच ठाव नव्हतं."

"कधीची गोष्ट?"

"दसऱ्याच्या आदी. खंडेनवमीला मशिनी पुसून पूजा मांडायची व्हती, त्याच्या दोन-तीन दिवस आदी."

दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी आप्पांनी हत्यार जमा केले होते. फिटर खरे बोलत असेल तर मामा सुटत होते. मी मामांचा फोटो दाखवला. "हे आले होते का?"

"नाय नाय. हे नव्हते." तो लगेच म्हणाला. "यांना तर म्या वळखतो. आमच्याच तालुक्यातले हाईत. गाववाल्यांच्या मंडळाच्या कार्यक्रमात भेट झाली व्हती."

माझ्याबरोबरच्या उपनिरीक्षकाने माझ्याकडे पाहिले. ज्या माणसाच्या साक्षीने मामा सुटणार होते, तोच त्यांच्या ओळखीचा निघाला होता. गिऱ्हाइकाचे वर्णन विचारले तर तो एवढेच सांगू शकला की वय पस्तिशीचे, दाढी कोरलेली, गाडी पांढरी. आमच्या शहरात या वर्णनाचे हजारो लोक रोज सिग्नलला उभे असतात.

दुपारी सहायक आयुक्तांना हे सांगितले. ते शांतपणे म्हणाले, "एकाच तालुक्यातला फिटर हवालदाराच्या सोयीची तारीख सांगतो. तुम्ही माझ्या जागी असता तर काय लिहिलं असतं?"

त्या रात्री मी अहवालाचा मसुदा लिहायला घेतला आणि पहिल्या परिच्छेदावरच थांबलो. मामांच्या विरोधात काही सापडले नव्हते, आणि बाजूनेही काही नव्हते.

गुरुवारी सकाळी परवानगी घेऊन मी रिव्हॉल्व्हर मुख्यालयातल्या शस्त्रागारात नेले. तिथले आर्मरर, म्हणजे हत्यारांची दुरुस्ती करणारे आमचे जमादार, कोकणातले. अतिशय मोजके बोलणारे. पंचांसमक्ष सील उघडले. त्यांनी रिव्हॉल्व्हर मऊ कापडावर ठेवले, भिंग लावले आणि दहा मिनिटे हत्यार फिरवून फिरवून पाहिले.

"पाती नवीन, पिन नवीन," अखेर ते म्हणाले. "काम बाहेरचं आहे, पण कारागीर चांगला." पुन्हा भिंग लावले. "साहेब, जरा बघा हं. हे काय दिसतं तुम्हाला?"

पातीच्या मागच्या अंगाला चमक मारू नये म्हणून बारीक आडव्या रेघा असतात. फिटरने त्याही हौसेने कोरल्या होत्या. त्या रेघांत लाल कण अडकले होते. पिनच्या टोकाभोवतीही तसेच.

"गंज?" मी विचारले.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. कापसाचा बोळा ओला करून अलगद टेकवला. बोळ्यावर गुलाबी ठिपका उठला. "गंज तपकिरी येतो. हे कुंकू आहे."

शस्त्रपूजा! आप्पांसारख्या घरात दसऱ्याला हत्यार पाटावर ठेवून हळदकुंकू वाहतात. आमच्या ठाण्यातही वाहतात. पण दसऱ्याच्या दिवशी हे रिव्हॉल्व्हर आमच्याकडे नव्हते. ते पाच दिवसांनी आले आणि त्यानंतर कपाटात होते. मुद्देमालाच्या खोलीत कोणी पूजा मांडत नाही. कुंकू जुन्या खाचेत असते तर ते आधीच्या कोणत्याही वर्षाचे म्हणता आले असते. हे कुंकू नव्या पातीवर होते. म्हणजे दसऱ्याला आप्पांनी पूजा केली तेव्हा ही नवी माशी जागेवर बसलेली होती.

मी तिथूनच सहायक आयुक्तांना फोन केला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले आणि विचारले, "सोमवारी हत्यार हातात घेताना त्यांच्या बोटाला कुंकू लागलेलं असेल तर? सकाळी देवपूजा करून आले असतील."

शंका रास्त होती. म्हणून पंचनामा पूर्ण करून मी सरळ पुनावळ्याला गेलो.

आप्पांचे घर उंच इमारतींच्या मागे, जुन्या गावठाणात. दुमजली, अंगणात पांढरी मोटार. आप्पा सोप्यात बसले होते. त्यांचा मुलगा बाहेर आला. वाहतुकीचा धंदा करणारा, वय पस्तिशीच्या आसपास, दाढी व्यवस्थित कोरलेली. मी ते मनात टिपून आप्पांकडे वळलो.

"आप्पा, तुमच्याकडं दसऱ्याला हत्याराची पूजा असते का?"

"म्हंजी काय! वडलांपासनं हाय. सूनबाई, फोटू दाखीव साहेबांना."

सून चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात नोकरीला. पहिली शिफ्ट करून नुकतीच घरी आली होती, गळ्यात कंपनीचे ओळखपत्र तसेच होते. तिने मोबाइल पुढे केला. पाटावर तलवार आणि रिव्हॉल्व्हर होते, वर झेंडूची फुले. माशी नेमकी फुलाखाली झाकलेली. टेबलावर डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली होती, तिच्याकडे माझे लक्ष गेले.

"डोळ्यांना काय झालं आप्पा?"

"मोतीबिंदू काढला न्हवं का, दिवाळी झाल्यावं. आता समदं लख्ख दिसतंय. आदी तोंड बी वळखू येत नव्हतं."

म्हणजे दसऱ्याला आणि हत्यार जमा करताना आप्पांना धड दिसतच नव्हते. ऑपरेशननंतर त्यांनी रिव्हॉल्व्हर प्रथम पाहिले ते थेट आमच्या ठाण्यात.

"मग यंदा पूजेला हत्यार कपाटातून कोणी काढलं?"

"सूनबाईला सांगितलं व्हतं, काढून पुसून ठिव म्हून."

मुलगा पुढे झाला. "साहेब, आपण जरा बाहेर बोलू या का?"

"बाहेर कशाला?" सून म्हणाली. ती जागची हलली नाही. "साहेब, माझ्या हातून पडलं ते. पूजेच्या चार दिवस आधी. वरच्या कप्प्यातून काढताना सुटलं आणि फरशीवर टोकावर आपटलं. माशी तुटली. आप्पांचा जीव आहे त्या हत्यारावर, मी घाबरले. हे म्हणाले, आप्पांना दिसत नाही, मी गुपचूप बसवून आणतो, कोणाला कळणार नाही."

"आणि सोमवारनंतर?"

"सोमवारपासून मी यांना रोज सांगतेय, जाऊन खरं सांगा. आता पोलिसांचं प्रकरण झालंय, अंगाशी येईल म्हणतात." तिने नवऱ्याकडे पाहिले. "कंपनीत माझ्या हातून एक पार्ट पडला तरी मी लिहून देते, माझ्या हातून पडला म्हणून. आणि इथं एका माणसाची नोकरी जायची वेळ आली, तरी मी गप्प बसले. मला तीन रात्री झोप नाही साहेब."

ती आत गेली आणि कागदात गुंडाळलेली एक लहान वस्तू घेऊन आली. पोलादाचा तो तुटका तुकडा होता. वरून घासलेला, डाव्या बाजूला टवका उडालेला, खाली पिनीचे अर्धे भोक. तिने तो टाकून दिला नव्हता.

आप्पांनी तो तळहातावर घेतला. मी मनाशी ठरवले होते की ते सुनेवर ओरडले तर मध्ये पडायचे. त्यांनी सुनेकडे पाहिलेसुद्धा नाही.

"सोमवारपासनं तू या घरात हाईस," ते मुलाला म्हणाले. "मी त्या हवालदाराला चोर म्हनत व्हतो, तवा तू हितं बसून जेवत व्हतास."

"आप्पा, तुम्ही काय म्हणाल म्हणून..."

"मी काय म्हनलो असतो? दोन दिस बोललो नसतो. येवढंच ना?" आप्पा उठले, टोपी नीट केली. "साहेब, तुमचा जबाब-बिबाब मागनं घ्या. आदी मला ठान्यात न्या. हवालदार हाईत का आज डूटीवं?"

मामा ड्युटीवर होते. किल्ली काढून घेतल्यापासून त्यांना समन्स बजावण्याचे काम दिले होते आणि तेही ते नेहमीच्याच नेटाने करत होते. आम्ही पोहोचलो तेव्हा ते बाहेरून येऊन पाणी पीत उभे होते. आप्पांना पाहून त्यांनी पेला खाली ठेवला आणि सवयीने सावधान उभे राहिले.

आप्पांनी सगळ्यांसमोर हात जोडले. "माशी माझ्या घरात मोडली, माझ्या पोरानं बदलली. मी तुमच्यावं आळ घेतला. चुकलो."

मी खिशातून किल्ली काढून त्यांच्या हातात दिली, तेव्हा त्यांनी ती मुठीत घट्ट धरली आणि तोंड भिंतीकडे वळवले. मग ठाणे अंमलदाराने नाक ओढले, कोणीतरी हसले, आणि एकदम सगळेच बोलायला लागले. मामा बाहेर गेले. व्हरांड्यातून त्यांचा फोनवरचा आवाज ऐकू आला, "अगं, काय नाय, मिटलं. मिटलं म्हणतो ना. रडू नको." चार दिवस माझ्या छातीवर ठेवलेला दगड त्या क्षणी उतरला. मी केबिनमध्ये जाऊन दार लावले आणि काही वेळ नुसता बसून राहिलो.

कायद्याने जे करायचे ते केले. फिटरने मुलाला ओळखले. परवाना नसताना हत्यार हाताळले आणि परवाना नसलेल्याकडून दुरुस्त करून घेतले, म्हणून मुलावर गुन्हा दाखल झाला. फिटरने काही लपवले नव्हते. त्याचा जबाब आणि सगळी हकिकत सरकारी वकिलांपुढे ठेवली, आणि तो साक्षीदार झाला. त्याला आरोपी करावे लागले नाही, याचाही मला मोठा दिलासा वाटला. आप्पांनी परवाना आपण होऊन परत केला. प्रयोगशाळेच्या अहवालात चाकणची गोळी त्या रिव्हॉल्व्हरची नसल्याचे आले. पुढे त्या गोळीबाराचा आरोपी गावठी हत्यारासह पकडला गेला, त्याचा या मंडळींशी कसलाच संबंध नव्हता.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. एक तपासाची. वस्तू आपल्याकडे आल्यानंतर काय घडले, एवढेच आम्ही शोधत होतो. ती येण्याआधी कुठे होती, कोणाच्या हातात होती, हे पहिल्याच दिवशी विचारले असते तर तीन दिवस वाचले असते. त्यानंतर आमच्या ठाण्यात हत्यार जमा करताना मालकासमक्ष चारही बाजूंनी फोटो काढायची पद्धत सुरू झाली. दुसरी गोष्ट माणसांची. माणसे पोलिसांना भितात, असे आम्ही समजतो. माझ्या पाहण्यात बहुतेक खोटी विधाने घरातल्या कोणाच्या तरी भीतीने सुरू झालेली असतात. त्यावर पोलिसांची भीती नंतर येऊन बसते. ज्या घरात फुटलेली वस्तू बिनधास्त दाखवता येते, त्या घराची पायरी चढायची वेळ आमच्यावर सहसा येत नाही.

मामांच्या निरोपाच्या दिवशी मी त्यांना बाजूला घेऊन खरे ते सांगून टाकले. "मामा, त्या वेळी माझ्या मनात तुमच्याविषयी संशय होता. नव्हता असं म्हणणार नाही."

ते हसले. "ठाव हाय साहेब. दिसत व्हतं तुमच्या तोंडावर. पण तुमी नुसता इश्वास ठिवला असता ना, तर फाइल बंद झाली असती आन लोक जन्मभर म्हणले असते, साहेबानं आपल्या माणसाला वाचिवलं. तुमी संशय घेतला म्हणून शोध लागला."

मग त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, आणि बाहेर त्यांना न्यायला आलेल्या बायको-मुलींकडे चालत गेले.